झाल्मान शॉकेन: दुकानदार आणि प्रकाशक
झाल्मान शॉकेन यांचा जन्म १८७७ सालचा, एका ज्यू कुटुंबातला. थोरला भाऊ सायमन याच्यासोबत त्यांनी त्स्विकाऊ शहरातून जर्मनीभर दुकानांची साखळी उभारली. केम्निट्झचं त्यांचं दुकान तर डोळे भरून पाहावं असं: एरिख मेंडेलसोन यांनी रचलेला वळणदार दर्शनी भाग, काचेच्या लांबच लांब पट्ट्या! आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

पण शॉकेन यांचा जीव पुस्तकांत. १९३१ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये प्रकाशनसंस्था काढली. हिब्रू लेखक अग्नोन यांनी निश्चिंतपणे लिहावं, म्हणून वर्षानुवर्षं पैसे पुरवले. व्यापाऱ्याची याहून मोठी कमाई कोणती? नाझी राजवटीत दुकानं गेली. शॉकेन जेरुसलेमला गेले. १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं. अग्नोन यांना नोबेल मिळालं १९६६ मध्ये.