हेगच्या न्यायपीठासमोर आपली बाजू

(अहिल्यानगर येथे विधी शाखेच्या अंतिम परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षा तोंडावर आली असताना वक्त्याने प्रस्तावनेत वेळ दवडू नये. म्हणून थेट विषयालाच हात घालतो. आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना परका वाटतो. पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या मुलाला बांधाचा तंटा समजतो, वाटपाचा दावा समजतो. कारण ते त्याने घरीदारी पाहिलेले असते. पण हेगच्या न्यायालयाशी आपला काय संबंध, असे त्याला वाटते. मग तो प्रश्नसंच आणतो, व्याख्या घोकतो आणि पेपर उरकतो. असे उत्तीर्ण होता येते, विषय मात्र हाती लागत नाही. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, हा विषय परका नाही. त्यातील काही महत्त्वाची प्रकरणे आपली आहेत. ती नीट अभ्यासली तर निम्मा अभ्यासक्रम त्यांच्याभोवती उभा राहतो. मात्र आपली आहेत म्हणूनच ती अधिक कठोरपणे अभ्यासावी लागतात.

नगरची तटबंदी आणि तीन प्रकारचे बंदी

आरंभ आपल्या गावापासूनच करू. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बोअर युद्धातील कैदी इंग्रजांनी समुद्रापार आणून नगरला ठेवले. पहिल्या महायुद्धात येथेच जर्मन नागरिकांची स्थानबद्धता छावणी होती. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना भुईकोट किल्ल्यात डांबण्यात आले. गाव एक, बंदी तीन प्रकारचे. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात भेद कोणता?

पहिला युद्धकैदी. १८९९ आणि १९०७ च्या हेग नियमांनी त्याला माणुसकीच्या वागणुकीचा हक्क दिला. दुसरा शत्रुराष्ट्राचा सामान्य नागरिक. त्याच्यासाठी सविस्तर नियम यायला १९४९ चा चौथा जिनिव्हा करार उजाडावा लागला. आणि तिसरा? तो आपल्याच देशात बंदी होता, आणि त्याच्या बाजूने आंतरराष्ट्रीय कायद्यात एक ओळही नव्हती. राज्यकर्त्यांच्या लेखी तो साम्राज्याचा अंतर्गत प्रश्न होता. वासाहतिक सत्तेविरुद्धचा लढा हा आंतरराष्ट्रीय संघर्ष मानावा, हे कलम १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये आले. भारताने त्या प्रोटोकॉलला अद्याप मान्यता दिलेली नाही, हेही उत्तरात नोंदवावे. ‘आंतरराष्ट्रीय कायद्याचे विषय कोण?’ हा प्रश्न दरवर्षी धडकी भरवतो. त्याचे उत्तर आपल्या किल्ल्याच्या तटावर लिहिलेले आहे. गुलाम राष्ट्राला या कायद्यात स्वतःचा आवाज नसतो.

मार्सेय : आपल्याला न पटणारा निवाडा

८ जुलै १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. पुढचा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. फ्रेंच पोलिसाने त्यांना किनाऱ्यावर पकडले आणि बोटीवरील इंग्रज पोलिसांच्या हवाली केले. यावरून फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात वाद उद्भवला आणि तो हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे गेला. पाच लवादांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला. सावरकरांना पकडून सोपविण्यात अनियमितता झाली, हे त्यांनी मान्य केले. पण फ्रेंच अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करावा, असे बंधन घालणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे म्हणून त्यांनी ब्रिटनच्या बाजूने कौल दिला.

या प्रश्नाचे उत्तर आपला विद्यार्थी कसे लिहितो? उडीचे वर्णन दीड पान, इंग्रजांचा निषेध अर्धे पान आणि निवाडा एका ओळीत. भावना खरी आहे, पण परीक्षकाने ती विचारलेली नाही. त्याला हवे आहे ते असे. फ्रान्सचे म्हणणे होते की, भूमी आमची, तेथे पाऊल ठेवणाऱ्याला आमच्या कायद्याचे संरक्षण मिळायला हवे होते, प्रत्यार्पणाची रीतसर प्रक्रिया झालीच नाही. ब्रिटनचे म्हणणे होते की, कैदी बोटीवर असल्याची पूर्वसूचना फ्रेंचांना दिली होती, बंदोबस्तात त्यांचे सहकार्य ठरले होते, आम्ही ना बळ वापरले ना कपट केले. लवादांनी दुसरा मुद्दा ग्राह्य धरला. ही मांडणी पूर्ण झाल्यावर मग टीका करा. निवाडा ‘या परिस्थितीपुरता’ आहे, हे दाखवा. १९६० मध्ये आइकमनला अर्जेंटिनातून पळवून आणले तेव्हा सार्वभौमत्वाचा प्रश्न पुन्हा कसा उभा राहिला, तेही लिहा. आणि सर्वांत मोठी उणीव दाखवा : ज्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, त्याला किंवा त्याच्या राष्ट्राला या खटल्यात स्थानच नव्हते. दोन साम्राज्ये वादी-प्रतिवादी होती. अशा टीकेला गुण मिळतात, कारण तिला तर्काचे बळ असते.

दादरा-नगरहवेली : पेशव्यांच्या सनदा हेगमध्ये

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत राजा वाकणकर, सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे होती. त्यानंतर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून या वेढलेल्या प्रदेशांत जाण्यासाठी भारतीय भूमीवरून वाट मिळण्याचा आम्हाला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला.

या खटल्यात १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह आणि १७८३, १७८५ च्या सनदा न्यायालयापुढे वाचल्या गेल्या. मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले होते की केवळ महसुलाचा हक्क, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, मराठ्यांनी दिला तो वर्षाला बारा हजार रुपये महसुलाचा सरंजाम. राज्य दिले नाही. आपल्याकडे ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ या शब्दांचा अर्थ मोडी दप्तर चाळणारे जाणतात. हेगमध्ये त्या अर्थावर युक्तिवाद झाले. पण येथेच थांबू नका. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व गृहीत धरून व्यवहार केला आणि भारतानेही तोच क्रम चालू ठेवला, असेही न्यायालय म्हणाले. खाजगी व्यक्ती, नागरी अधिकारी आणि माल यांच्या वाटेचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, हे अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्या वाटेचा हक्क नाही, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

म्हणजे ‘भारत जिंकला’ हे उत्तर अपुरे आहे. दोनच राष्ट्रांमध्ये दीर्घकालीन व्यवहाराने स्थानिक रूढी निर्माण होऊ शकते, हे तत्त्व येथे पोर्तुगालच्या बाजूने प्रस्थापित झाले. न्यायालयाच्या संविधीतील कलम ३८ वर प्रश्न आला की तेथे हे उदाहरण द्यावे. आठ विरुद्ध सात! एक मत इकडचे तिकडे झाले असते तर? आपली बाजू न्याय्य आहे एवढ्यावर खटला जिंकता येत नाही, ती सिद्ध करावी लागते, हे या आकड्यातून शिकावे.

कुलभूषण जाधव : मिळाले ते आणि न मिळाले ते

तिसरे प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत घडलेले. नौदलाचे निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने देहदंड सुनावल्याचे एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले. भारताने ८ मे रोजी हेगमध्ये धाव घेतली आणि १८ मे रोजी अंतरिम आदेश मिळाला. १७ जुलै २०१९ च्या अंतिम निकालात न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मताने म्हटले की, १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या कलम ३६ चा पाकिस्तानने भंग केला. हेरगिरीच्या आरोपाला हे कलम लागूच होत नाही, हा पाकिस्तानचा मुद्दा फेटाळला गेला.

पण शिक्षा रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा, असा आदेश दिला. हे वाक्य ज्याच्या उत्तरात नसेल, त्याने निकाल वाचला नाही असेच परीक्षक समजेल. वरिष्ठ विधिज्ञ हरीश साळवे यांचा युक्तिवाद कराराच्या एका कलमाभोवती बांधलेला होता. कलम हातात घट्ट धरणे म्हणजे काय, हे त्यातून समजते.

उरलेल्या दिवसांत काय करावे?

आता व्यवहाराचे बोलू. प्रत्येक प्रकरणासाठी कागदाचे एक पान घ्या. त्यावर पाच गोष्टी लिहा : घटना, वादाचा प्रश्न, दोन्ही बाजूंचे म्हणणे, निर्णय आणि त्याचे कारण. सहावी गोष्ट तुमची टीका, ती शेवटी. इंग्रजी ग्रंथ अवश्य वाचा, पण वाचलेले आधी मराठीत घरच्या माणसाला समजावून सांगा. त्याला समजले नाही, तर तुम्हालाही समजलेले नाही. घड्याळ लावून रोज एक उत्तर हाताने लिहा.

एक ठरलेला घोटाळा टाळा. हेगमध्ये स्थायी लवाद न्यायालय आहे, ते १८९९ च्या परिषदेतून आले. तेथेच आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, ते संयुक्त राष्ट्रांचे अंग आहे आणि राष्ट्राराष्ट्रांतील वाद ऐकते. आणि तेथेच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, ज्याची रोम संविधी २००२ मध्ये अमलात आली आणि ज्याचा भारत सदस्य नाही. सावरकरांचे प्रकरण पहिल्याकडे गेले, दादरा आणि जाधव दुसऱ्याकडे. आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत कायद्याच्या संबंधावर प्रश्न आला तर राज्यघटनेची कलमे ५१ व २५३ आणि १९९७ चा विशाखा निकाल विसरू नका.

मित्रहो, देशाविषयीचे प्रेम हे अभ्यासाचे कारण असावे, अभ्यासाला पर्याय नसावे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा अधिक चांगले मांडता येणे, ही वकिलाची पहिली कसोटी. भावनेने भरलेली उत्तरपत्रिका फार तर दहा गुण गमावेल. पण हीच सवय घेऊन उद्या कोणी देशाची बाजू मांडायला उभा राहिला, तर त्याची किंमत देशाला मोजावी लागेल. १९११ मध्ये आपले म्हणणे मांडायला तेथे आपले कोणी नव्हते. आज आपले स्थान आहे. त्या स्थानी उभे राहण्याची योग्यता या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या तुम्हा मुलामुलींमध्ये आहे, यात मला शंका नाही. ती योग्यता अभ्यासाने सिद्ध करा.

आपणा सर्वांना परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.