आधी दाखला


मी जुन्नरकडचा. गोदीत ओझी वाहतो, कविता लिहितो. सोळाव्या वर्षी चोरीच्या संशयावरनं पोलिसांनी उचललं, वय लिहिलं एकोणीस. मास्तर शाळेच्या रजिस्टरची नक्कल घेऊन धावत आले, म्हणून सुटलो.

सगळ्यांना असा मास्तर भेटत नाही. पुण्यातल्या १९९४ च्या खुनाच्या खटल्यात एका राजस्थानी पोराला सज्ञान धरून १९९८ साली फाशी सुनावली. त्याची जन्मतारीख गावच्या शाळेत नोंदलेली होती. सुप्रीम कोर्टानं ती मानली २०२३ साली. गुन्ह्यावेळी वय बारा! अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली.

२०१५ चा कायदा सांगतो : अठराच्या आतल्याला लॉकअपात ठेवायचं नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यायचं. वयाला पुरावा आधी शाळेचा, नाहीतर ग्रामपंचायतीची जन्मनोंद. हाडांची तपासणी शेवटी. दलित-आदिवासी पोराला सरकारी खर्चानं वकील मिळतो. अर्ज जुन्नर, घोडेगावच्या कोर्टातच करता येतो.

पण मंडळ येरवड्याला. आंबेगावच्या डोंगरातल्या बापानं मजुरी बुडवून कितीदा यायचं? शहरात आपण आहोत ना! गावाकडनं निरोप आला की दोघं ठाण्यावर, एक शाळेत, एक येरवड्याला.

घोषणा नंतर देऊ. आधी दाखला.