स्वस्ताईचे केशर



परदेशी जाऊन आलेला वक्ता उभा राहिला की श्रोते राजवाड्यांची आणि संग्रहालयांची वर्णने ऐकण्याच्या तयारीने बसतात. आज आम्ही आपली थोडी निराशा करणार आहोत. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब चार दिवस इस्तंबूलला राहिलो. तेथे जे शिकलो ते बाजारात शिकलो, आणि त्या शिकवणीची फी मात्र घरी परतल्यावर भरली.

आपल्याकडे परदेशप्रवास तिकिटाने सुरू होत नाही, यादीने सुरू होतो. काकांना काय न्यायचे, मेव्हण्यांना काय, घराची किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांना काय? आमच्या यादीत सात घरे होती, आणि विमानभाडे भागवून खिशात उरले होते ते बेताचेच. तेव्हा उभयतांनी निश्चय केला की, जे घ्यायचे ते घासाघीस करूनच घ्यायचे.

इस्तंबूलचा झाकलेला बाजार जगप्रसिद्ध आहे. 1453 मध्ये सुलतान दुसरा मेहमेद याने शहर जिंकले आणि पुढच्या काही वर्षांतच या बाजाराच्या मूळ इमारतीचे काम सुरू झाले. आज त्या छपराखाली साठएक गल्ल्या आणि हजारो दुकाने आहेत. मराठी माणसाला तेथे फारसे परके वाटत नाही, याचे कारण भाषा. दुकानाला ते ‘दुक्यान’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाप’, तराजूला ‘तेराझी’, सराफाला ‘सर्राफ’ आणि साबणाला ‘साबुन’. यांतले बहुतेक शब्द फारसी-अरबीच्या वाटेने त्यांच्याकडे गेले तसेच आपल्याकडेही आले. बाजाराला ते ‘पाझार’ म्हणतात, रविवारालाही ‘पाझार’च म्हणतात, आणि हा मोठा बाजार नेमका रविवारी बंद असतो! आम्ही अर्थातच रविवारी गेलो आणि बंद दरवाजा पाहून परतलो.

मग मोर्चा वळवला तो मसाल्याच्या बाजाराकडे. हा सतराव्या शतकातला. शेजारच्या मशिदीचा खर्च दुकानांच्या भाड्यातून चालावा, म्हणून तो बांधला गेला. मिरची, सुमाक, सुके अंजीर, गुलाबकळ्या यांचे ढीगच्या ढीग! त्यांतच एका दुकानात केशरी रंगाची रास दिसली. पाटी होती ‘तुर्की केशर’. भाव पाहून आमचे डोळे विस्फारले. आपल्याकडच्या केशराच्या मानाने तो काहीच नव्हता. तरीही आम्ही घासाघीस सोडली नाही. दुकानदाराने चहा पाजला, आम्ही दोनदा उठून गेलो, दोनदा परत आलो, आणि अखेर सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात मोठी पिशवी भरून घेतली. सात घरांचा प्रश्न एका दमात सुटला! दुकानदार मंदपणे हसला. ते हसू आमच्या चातुर्याला दिलेली दाद आहे, असे आम्ही समजलो.

आमच्या मुलीने तेवढ्यात शेजारून ऑलिव्ह तेलाचा एक साबण घेतला. भाव केला नाही. आम्ही रागावलो तेव्हा म्हणाली, “सोलापूरच्या आजीला नेते. तिकडेही साबणच म्हणतात, हे तिला सांगायचंय.”

घरी आल्यावर पुड्या बांधल्या, वाटल्या. सोलापूरची आजी म्हणजे आमच्या आत्याबाई. त्यांची सारी हयात शेतावर गेली. पुडी उघडून त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, हुंगली आणि म्हणाल्या, “अरे, ही तर करडई! एवढ्या लांब जाऊन करडईची फुलं आणलीस होय? काढणीला हाताला फडकी गुंडाळायचो आम्ही, काट्यांसाठी.”

आत्याबाईंचे खरे होते. केशर म्हणजे एका फुलातले तीन तंतू. एका ग्रॅमसाठी सुमारे दीडशे फुले लागतात आणि तंतू हातानेच खुडावे लागतात. ते स्वस्त होणार कसे? त्याचा तंतू गडद लाल, टोकाशी किंचित पसरलेला असतो, आणि त्याचा वास लपत नाही. करडईची पाकळी पिवळी-नारिंगी. ती दुधाला रंग देते, सुगंध देत नाही. तिच्यापासूनच आपल्याकडे कुसुंबी रंग काढीत. तुर्कस्तानात प्रवाशांना विकताना तिलाच ‘तुर्की केशर’ म्हणतात. आम्हांला फसवले असे म्हणावे, तर दिलेल्या किमतीत दुसरे काय मिळणार होते? केशराचा भाव ठाऊक असूनही आम्ही नजर फिरवली होती.

खरा पेच पुढे होता. सहा पुड्या घरोघर पोचल्या होत्या. “कोणाला कळणार आहे?” असे आम्हीच म्हणालो. मुलगी म्हणाली, “कळलं तरी कोणी बोलणार नाही, बाबा. तेच वाईट.” त्या वाक्याने आम्ही निरुत्तर झालो. मग एकेक फोन केला. काकांनी श्रीखंडात घालून पाहिले होते; भिडेपोटी गप्प राहिले होते. मेव्हणे खो खो हसले. शेजारीणबाई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत, लेकीच्या डोहाळजेवणाला ठेवलं होतं.”

श्रोतेहो, घासाघीस वाईट नाही. त्या बाजारात ती रीतच आहे. पण भेटवस्तूत वाचवलेले पैसे कधी कधी घेणाऱ्याला भरावे लागतात, आपल्या भिडेने आणि मौनाने. सात घरांसाठी एक पिशवी घेताना आम्ही सातांपैकी एकाही माणसाचा विचार केला नव्हता. मुलीने एका साबणात तो केला.

तो साबण आत्याबाईंनी अजून वापरलेला नाही. ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवला आहे. येईल त्याला त्या तो दाखवतात आणि सांगतात, “तिकडेही साबणच म्हणतात हो!”