भरतीची मोजदाद
मुंबईच्या अपोलो बंदरात समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. जुनी रीत साधी: पाण्यात उभी नळी, तळाशी बारीक भोक, आत तरंगणारा फ्लोट. भोकामुळे लाटांची उसळी बाहेरच राहते, भरती-ओहोटीचा संथ चढउतार तेवढा आत येतो आणि फ्लोटला जोडलेली लेखणी तो कागदावर रेखते. भरतीचे वेळापत्रक चंद्र-सूर्यावरून आधीच मांडता येते. वादळवाऱ्याने फुगलेले पाणी मात्र मोजूनच नेमके कळते. साडेचार मीटरच्या भरतीला मुसळधार पावसाची गाठ पडली, की खरी पंचाईत. समुद्र नाल्यांच्या तोंडापेक्षा उंच होतो, दारे लावून पाणी पंपांनी उपसावे लागते. २६ जुलै २००५ ला सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर अशी नोंद झाली. त्याच दुपारी मोठी भरतीही होती.