पदवीची मिळकत आणि विद्यार्थ्याचे कर्ज
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त शैक्षणिक साहाय्य निधी वाढविण्याचा विचार विश्वस्त मंडळाने मांडला आहे. त्या अनुषंगाने एका धर्मसंस्थेच्या परदेशी विद्यापीठाचा जमाखर्च आपणांसमोर ठेवतो. मी कापडाचा व्यापारी, शिक्षणतज्ज्ञ नव्हे.

अमेरिकेतील युटा राज्यात, प्रोव्हो येथे, १८७५ साली स्थापन झालेले ब्रिगहॅम यंग विद्यापीठ मॉर्मन पंथीयांचे आहे. हे अनुयायी उत्पन्नाचा दहावा भाग पंथास अर्पण करतात. विद्यापीठाच्या खर्चाचा मोठा भार त्यातूनच उचलला जातो. २०२४-२५ साली स्वपंथीय विद्यार्थ्यास पदवीचे वार्षिक शुल्क ७,००० डॉलरच्या आत होते, इतरांस दुप्पट. त्या देशातील खासगी महाविद्यालयांचे सरासरी शुल्क तेव्हा ४०,००० डॉलरच्या वर होते. साहजिकच तेथील बहुसंख्य विद्यार्थी कर्जाविना पदवीधर होतात. दान मागाहून वाटण्याऐवजी त्यांनी शुल्कच आधी उतरविले, ही व्यापारी दृष्टी मला फार भावली.

तिकडे कर्जाचा फास मोठा कठीण असतो. व्यापारी बुडाला तर दिवाळखोरीचा कायदा त्याला मोकळे करतो. विद्यार्थ्याचे कर्ज मात्र पराकाष्ठेची हलाखी सिद्ध केल्याशिवाय माफ होत नाही.

मिळकतीचे म्हणाल, तर २०१५ पासून अमेरिकन शासन 'कॉलेज स्कोअरकार्ड' या नावाने महाविद्यालयांची अशी आकडेवारी प्रसिद्ध करीत आले आहे. परंतु तीत शासकीय साहाय्य घेतलेल्यांचीच गणना होते आणि कमावते नसलेले वगळले जातात. संसार सांभाळणारी पदवीधर भगिनी त्या हिशेबात दिसतच नाही. शिवाय एकाच विद्यापीठात संगणकशास्त्र आणि समाजकार्य यांच्या मिळकतीत मोठी तफावत असते. दुकानाच्या पाटीवरून ताक्याचा कस ठरत नाही, तसेच हे.

याच पंथाने २००१ साली गरीब देशांतील आपल्या तरुणांसाठी एक अक्षय शिक्षण निधी उभारला. अल्प व्याजाने कर्ज द्यावे आणि परत आलेली रक्कम पुढच्या तरुणास द्यावी, अशी ती योजना.

आता आपल्याकडे पाहू. आठ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे १०,५७२ रुपये येतो. शिक्षण चालू असताना साचणारे व्याज यात धरलेले नाही. वीस हजारांच्या पहिल्या नोकरीत अर्धा पगार बँकेत, आणि सहकर्जदार म्हणून वडिलांची सही! समाजातील किती घरे या सहीपायी अस्वस्थ आहेत, हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास विनंती की, अर्जासोबत महाविद्यालयाचे माहितीपत्रक न मागता, त्याच अभ्यासक्रमातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच विद्यार्थ्यांची सध्याची नोकरी व पगार लिहून मागावा. महाविद्यालय तो देण्यास टाळाटाळ करील, तर तशी नोंद अर्जावर करावी आणि पालकांस बोलावून ती दाखवावी. या कामी आठवड्यातील एक सायंकाळ देण्यास मी तयार आहे.