पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज

सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरी गावी १८८८ साली सिद्धरामेश्वर महाराजांचा जन्म झाला. इंचगेरी संप्रदायातल्या भाऊसाहेब महाराज उमदीकरांचा त्यांना अनुग्रह होता. ध्यानाचा मुंगीचा, म्हणजे पिपीलिका मार्ग त्यांना ठाऊक होताच. पण त्यांनी भर दिला तो विचाराच्या विहंगम, म्हणजे पक्ष्याच्या मार्गावर.

साधना कशी? ‘माझा हात’ म्हणणारा हाताहून वेगळा. मन-बुद्धीचंही तेच. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चारही देह तपासून बाजूला सारायचे. ऐकायला सोपं, पण कारणदेहाच्या निव्वळ विस्मरणाशी भलेभले अडखळतात!

मुंबईतले विडीविक्रेते निसर्गदत्त महाराज त्यांचेच शिष्य. निसर्गदत्तांची मराठी संभाषणं मॉरिस फ्रीडमन यांनी १९७३ साली इंग्रजीत आणली.