संध्याकाळची वीज आणि कोयनेचे पाणी



विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. संध्याकाळी सहानंतर घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच सौरवीज संपते. सहा ते दहा या चार तासांसाठी चटकन सुरू होणारे केंद्र हवे. औष्णिक केंद्राचा थंड बॉयलर तापायला कित्येक तास जातात. वायूची टर्बाइन लवकर सुरू होते; उरणला असे केंद्र 1982 पासून आहे, पण त्याला पुरेसा वायू नेहमी मिळत नाही. त्यामुळे महाराष्ट्राची खरी भिस्त आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कोयना जलविद्युत प्रकल्पावर आहे.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडते आणि साडेचारशे मीटरांहून अधिक खाली पोफळीच्या टर्बाइनवर पडते. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. यंत्रे काही मिनिटांत भार उचलतात आणि मागणी ओसरली की थांबवता येतात.

यंत्रे मोठी आहेत, पाणी मात्र मोजके आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी पाण्याची मर्यादा घातली. हिशेब केला तर एकटा 1000 मेगावॅटचा चौथा टप्पा अखंड चालवल्यास हे पाणी तीन-साडेतीन महिन्यांत संपेल. म्हणून ते गरजेच्या तासांसाठी राखून ठेवावे लागते.

पोफळीला उतरलेले पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. धरणाच्या पायथ्याशी सोडलेले पाणी मात्र 40 मेगावॅटचे वीजगृह चालवून कराडला कृष्णेत येते. तेच पुढे ताकारी आणि म्हैसाळ उपसा योजनांचे पंप उचलतात, जतच्या माळापर्यंत पोचवतात. जलाशय एकच, पाटणपासून मिरजेपर्यंत आपण सारे त्याचे वाटेकरी आहोत.

पश्चिमेला हजार लिटर पाणी सोडले, तर जेमतेम एका युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. संध्याकाळी वाया घालवलेले प्रत्येक युनिट म्हणजे असे पिंपांनी वाहून गेलेले पाणी.

तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे. सौर वाहिनीवर दिवसा वीज मिळत असेल, तर शेतपंप दिवसाच चालवा. सोसायटीची टाकी, पिठाची गिरणी, इस्त्री ही कामेही दुपारी उरका. सहा ते दहा या वेळेत लागेल तेवढीच वीज वापरा. कोयनेचे पाणी त्याने वाचेल, आणि उन्हाळ्यात ते आपल्याच उपयोगी पडेल.